बावीसवर अडलेलं रीडिंग

खोबरेल घरचंच होतं. आजीने वाडीतल्या नारळांचं खोबरं वाळवून घाण्यावरून तेल काढून आणलेलं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला त्याचीच सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू, म्हणजे तेलाचा साबण व्हायला किती अल्कली लागते तो आकडा, काढायची म्हणून मी बाटली ऐटीत लॅबमध्ये नेली.

फ्लास्कमध्ये २ ग्रॅम तेल, ०.५ नॉर्मल केओएच २५ मिली, वर कंडेन्सर. शेजारच्या पार्टनरचा फ्लास्क पंधरा मिनिटांत स्वच्छ पारदर्शक झाला. माझ्या फ्लास्कात मात्र अर्ध्या तासानंतरही तेलाचा थर वर तसाच. खालून उकळी यायची, थर हिंदकळायचा आणि पुन्हा जागेवर.

उरलेली अल्कली आम्लाने मोजली, तेव्हा फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग २२ मिलीला गेला. तेलाशिवायचं ब्लँक रीडिंग २५ होतं. हिशेब आला ४२. खोबरेलाला अडीचशेच्या आसपास यायला हवा. ‘‘आजीने पॅराफिन मिसळलं असणार,’’ पार्टनर म्हणाली. विनोद बरोबर होता, कारण खनिज तेलात एस्टरच नसतात. पण मला राग आला.

सरांनी फ्लास्क नाकाशी नेला आणि हसले. ‘‘स्पिरिटचा वास कुठाय?’’ शेल्फवर दोन बाटल्या शेजारी होत्या. अल्कोहोलमधलं केओएच घ्यायचं, तर मी पाण्यातलं घेतलं होतं.

अल्कली तितकीच, उकळीही होती. मग बिघडलं काय? सर म्हणाले, भेटच झाली नाही. तुटायचा तो एस्टर बंध लांबलचक कार्बन साखळ्यांच्या गर्दीत, आणि त्या साखळ्या पाण्यात उतरत नाहीत. हायड्रॉक्साइड बसला पाण्यात. गाठ पडली ती फक्त दोन थरांच्या सीमेवर. अल्कोहोल दोघांनाही पोटात घेतं. आणि अल्कलीही नसेल, नुसतं पाणीच असेल, तर? कारखान्यात तेही करतात, पण त्याला सुमारे २५० अंश तापमान आणि वातावरणाच्या पन्नासपट दाब लागतो. हेच काम आपल्या आतड्यातलं लायपेज हे एन्झाइम ३७ अंशांवर करतं. पित्त आधी तेलाचे बारीक थेंब करून देतं म्हणून. (हे ऐकताना मला वडे आठवत होते, रसायनशास्त्र नव्हे.)

दुसऱ्या खेपेला रीडिंग आलं ६.९. व्हॅल्यू २५४. आजीची अब्रू वाचली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आजी अंगणात खोबऱ्याच्या वाट्या उलटसुलट करत होती. दमट राहिल्या की तेल खवट होतं, पाण्याने तेल नासतं, हे तिचं नेहमीचं. मी लगेच सरसावले. ‘‘आजी, पाण्याने काही होत नाही. मी अर्धा तास उकळलंय, वर अल्कली घालून. दमट खोबऱ्यावर बुरशी येते, तिचं एन्झाइम तेल फोडतं.’’

आजीने एक वाटी उचलून उन्हात धरली, आत बोट फिरवलं.

‘‘आणि बुरशी कशाने येते गो?’’