बृहन्नडेचा वर्ग

परवा धर्मशिक्षणाच्या वर्गात एक मुलगा मांडीवर पुस्तक दडवून वाचताना आम्हांला आढळला. पुस्तक हाती घेऊन पाहतो, तो ती अमर चित्रकथा निघाली : पांडवांच्या अज्ञातवासाची. उघडलेल्या पानावर बृहन्नडा राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवीत होती. मुलाला रागे भरून पुस्तक आम्ही घरी आणले आणि रात्री स्वतःच वाचीत बसलो, ही कबुली येथेच दिलेली बरी.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली ही माला आमच्या पिढीने अधाशासारखी वाचली. १९८५ पासून त्यांनी महाभारत ४२ अंकांत आणले. त्या वयात आम्हांला ओढ होती ती शमीवृक्षावर दडविलेल्या शस्त्रांची. अर्जुन गांडीव केव्हा उतरवितो एवढ्यासाठी पाने उलटायची. नृत्यशाळा भराभर मागे टाकायची. या खेपेस मात्र नजर तेथेच अडली. नाव खोटे, वेष खोटा. पण शिकविलेले नृत्य खरे, चित्रसेन गंधर्वापाशी कमावलेले. पुढे ओळख पटल्यावर विराटाने कन्या देऊ केली, तेव्हा अर्जुनाने तिला सून म्हणून, अभिमन्यूसाठी स्वीकारले. वर्षभर तिने आपल्याला आचार्य मानले, पित्यासारखा विश्वास ठेवला, हे त्याचे कारण. सोंग उतरले, गुरुपण उतरले नाही.

आणि आम्हांला आमचे सोंग आठवले.

आमचे घर सामवेदी बोलणारे. आईची हाक, विहिरीवरचे भांडण, जपमाळेनंतर वडीलधाऱ्यांनी दिलेला आशीर्वाद, सारे त्या बोलीत. गोरेगावच्या सेमिनरीतून बाहेर पडलो ते पुस्तकी मराठी अंगावर चढवून. गुरुदीक्षेनंतर काही काळ एका शाळेत मराठी शिकविले. एकदा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने उत्तर दिले ते सामवेदीत. उत्तर अचूक होते. वर्ग हसला. आम्ही म्हणालो, ‘‘नीट मराठीत बोल. ही कुठली भाषा?’’ तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. त्याची आजी आणि आमची आई बाजारात भाजीच्या पाट्या शेजारी शेजारी मांडून बसत, हे त्याला ठाऊक होते. तो खाली बसला. त्या वर्षी त्याने पुन्हा हात वर केला नाही.

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हेही तरुणपणी इंग्लंडात, कॅथलिक असणे धोक्याचे असताना, मित्राचा नोकर म्हणून वेषांतर करून वावरले होते. १५७९ साली ते गोव्यास आले आणि येथल्या लोकांची भाषा त्यांनी आपली केली. त्यांच्यामागे राजसत्ता होती. अर्जुनामागे पणातली अट आणि दुर्योधनाचे हेर होते. आम्हांला कोण शोधीत होते?

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्या मुलाला बोलावून पुस्तक परत केले. त्यातले कोणते चित्र आवडले, असे आम्ही त्याला मुद्दाम सामवेदीत विचारले. तो चपापला. त्याने आधी मागे उभ्या असलेल्या सोबत्यांकडे पाहिले, मग आमच्याकडे. आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाला, ‘‘फादर, शमीच्या झाडाचे.’’