बाजारात नेण्याजोगं

हळद शिजायला लागली की आमच्या घरात अभ्यास होत नाही. कुकर शेतात लागतो, वास मात्र वहीच्या पानापर्यंत येऊन बसतो. मातीचा, ओल्या मुळांचा आणि थोडा औषधासारखा. गेल्या वर्षी याच दिवसांत माझा कर कायद्याचा पेपर होता आणि एक व्याख्या काही केल्या डोक्यात बसत नव्हती. शेती उत्पन्न म्हणजे काय? शेतकऱ्याच्या पोरीला हे पाठ करावं लागतं, यातच गंमत आहे.

कळमनुरीहून नांदेडला विधीच्या वर्गाला जायचं म्हणजे एसटी. आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर. वारंग्याला गाडी थांबली की खिचडीचा वास येतो, अर्धापूरला केळीचे ट्रक दिसायला लागतात. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्याच वर्षी मी एलएलबीला नाव घातलं. न्यायाची ओढ वगैरे नंतरची. आधी तिकिटाचा हिशेब बसला. वर्ग नसेल त्या दिवशी मी इथंच एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बसते. तिथं येणाऱ्या बहुतेकांना कर लागतच नाही, त्यांना कागद पाहिजे असतो. बँकेनं ट्रॅक्टरच्या कर्जासाठी किंवा प्लॉटसाठी रिटर्न मागितलेलं असतं. "ताई, शून्याचं भरा, पण तीन सालाचं भरा." मागच्या सालाचं शून्याचं आता भरता येत नाही, हे समजावण्यात माझी निम्मी सकाळ जाते. कर न लागणाऱ्या माणसाला कर खात्याचा कागद लागतो, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

पुस्तकात सगळं नीट असतं. कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही, असं संविधानाचा २६५ वा अनुच्छेद सांगतो. आयकर केंद्राचा, पण शेती उत्पन्न सोडून; केंद्र सूचीतली ८२ वी नोंद. शेती उत्पन्नावरचा कर राज्याकडे. राज्य सूचीतली ४६ वी. एका ओळीत देशाची वाटणी झाली. पण त्या वाटणीच्या रेघेवर नेमकं काय येतं, यावर शंभरहून जास्त वर्षं भांडण चालू आहे.

माझी आज्जी सरकारच्या कुठल्याही वसुलीला 'करोडगिरी' म्हणायची. नळपट्टी, वीजबिल, सगळं करोडगिरी. निझामाच्या राज्यात जकातीच्या खात्याचं ते नाव. आमच्या तालुक्याच्या कडेनं पैनगंगा जाते. तिच्या पलीकडे उमरखेड, म्हणजे वऱ्हाड, तिथं इंग्रजांचा कारभार. अलीकडे हैदराबाद संस्थान. एकाच नदीच्या दोन काठांना दोन कायदे. इंग्रजांच्या मुलखात १९२२ चा आयकर कायदा चालायचा. आमच्याकडे पोलीस कारवाई झाली १९४८ च्या सप्टेंबरात आणि भारताचा आयकर लागू झाला १ एप्रिल १९५० पासून. शेती उत्पन्नाची ती व्याख्याही त्याच पुस्तकासोबत नदी ओलांडून आली. आज्जीनं ती कधी ऐकली नाही. तिला नाका माहीत होता, कारण नाका डोळ्यांना दिसतो.

व्याख्येत एक तुकडा आहे, तोच मला अडायचा. पिकवलेला माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी साधारणपणे जी प्रक्रिया करतो, त्या प्रक्रियेपर्यंतचं उत्पन्न शेतीचं. त्यापुढचं धंद्याचं. वाक्य सोपं वाटतं. पण 'साधारणपणे' म्हणजे कोण, कुठला, कधीचा शेतकरी? सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये राजा बिनॉय कुमार सहस रॉय यांच्या खटल्यात सालाच्या जंगलावरून शेतीची पायरी ठरवून दिली. नांगरट, पेरणी, लागवड या जमिनीवर माणसानं केलेल्या मूळ क्रिया; निंदणं, राखण, कापणी या नंतरच्या. मूळ क्रिया नाही तिथं शेती नाही. हे वाचताना मला आमचे आबा आठवले. मे-जूनमध्ये बेणं लावल्यापासून आठ-नऊ महिने त्यांची कंबर सरळ होत नाही. मूळ क्रियेबद्दल आमच्या घरात शंका असण्याचं कारण नाही.

शंका सुरू होते ती काढणीनंतर. पाला कापायचा, कंद उकरायचे, गड्डे वेगळे करायचे, हळकुंडं मोडायची. ओली हळद तशीच कुणी घेत नाही, ती शिजवावीच लागते. मग ताडपत्रीवर पंधरा-एक दिवस ऊन, मग ड्रममध्ये घालून पॉलिश. शंभर किलो ओल्या मालाची हाती येते साधारण वीस किलो. उरलेली ऐंशी किलो वाफ आणि उन्हात गेलेलं पाणी. यात शेती कुठं संपली? काहिलीत शिजवताना आज्जी ज्वारीच्या धांड्याची काडी हळकुंडात खुपसून बघायची. काडी लोण्यात गेल्यासारखी आरपार गेली की जाळ ओढायचा. आता वाफेचा कुकर भाड्यानं येतो, ट्रॅक्टरला जोडून, आणि काडी खुपसते माझी माय.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. शेती आणि धंदा यांच्या सीमेचं उदाहरण द्या. मी हळद म्हणाले. ते म्हणाले, चहाचं सांगा. चहाचं मला पाठ होतं. जुन्या नियमांप्रमाणे पिकवून तयार केलेल्या चहाचं ६० टक्के उत्पन्न शेतीचं आणि ४० टक्के धंद्याचं धरायचं. कॉफी आणि रबराचे वेगळे हिशेब. सगळं धडाधड सांगितलं, मार्कही बरे पडले. पण चहाचं झाड मी आजपर्यंत बघितलेलं नाही, आणि माझ्या वर्गातल्या कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही. नांदेड-हिंगोलीच्या पोरांनी मळ्यातला चहा सांगायचा आणि अंगणातली हळद घरी ठेवायची, हा कुणाचा दोष नाही. पुस्तकं जिथं लिहिली गेली तिथली उदाहरणं त्यांत आली, एवढंच.

हळदीचं भांडण खरं तर जास्त ताजं आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ताज्या हळदीवर शून्य, वाळवलेल्या हळदीवर ५ टक्के असा भेद झाला. त्यात 'कृषी उत्पादन' याची आणखी एक व्याख्या आली: शेतकरी नेहमी करतो तेवढीच प्रक्रिया, मालाचे मूळ गुण न बदलणारी, पण पहिल्या बाजारात तो विकण्याजोगा करणारी. पुन्हा तेच 'नेहमी'. अडत्याच्या कमिशनवर कर लागतो का, हे यावर ठरणार. महाराष्ट्रात हा प्रश्न अग्रिम निर्णय देणाऱ्या प्राधिकरणापुढं खरंच गेला, आणि २०२१ च्या अखेरीस पहिल्या पायरीवर उत्तर आलं की वाळवून पॉलिश केलेलं हळकुंड कृषी उत्पादन नाही, मसाला आहे. असला निर्णय अर्जदार आणि त्याचा अधिकारी यांच्यापुरताच बांधील असतो, हे मी आबांना सांगितलं.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग शिजवायची नाही का?"

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डातली पट्टी त्यांनी माझ्यापुढं धरली. वजन, भाव, हमाली, तोलाई. त्यात जीएसटीचा रकाना नाही. शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही, मी म्हणाले, आपण मोकळे. पण मोकळं म्हणजे काय, तेही सांगावं लागलं. खतावर ५ टक्के, फवारणीच्या औषधावर १८, हा कर आपण दुकानातच भरून बसलो. व्यापारी असता तर त्याला तो वजा मिळाला असता, आपल्याला वजा करायला जागाच नाही. आबा पट्टी घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "म्हंजे करोडगिरी हायच." तीन वर्षांच्या शिक्षणाचं सार मला इतक्या कमी शब्दांत मांडता आलं नसतं.

आता सगळी कलमं पुन्हा पाठ करायची आहेत. १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा आला. कलमं ५३६, १ एप्रिल २०२६ पासून लागू. माझ्या जुन्या पुस्तकातल्या समासातल्या खुणा, लाल पेनाचे आकडे, सगळं निरुपयोगी. 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही जोडी जाऊन एकच 'करवर्ष' आलं, हे मात्र बरं झालं. ऑफिसात येणाऱ्या कुणालाच त्या दोन वर्षांतला फरक मी कधी नीट समजावू शकले नाही.

एका संध्याकाळी कुकर उतरवला. वाफेचा भपका बसल्यावर मायनं हळकुंड उचललं, हात भाजला म्हणून पदरात धरलं आणि मोडलं. आतून गर्द पिवळं, मधे कच्ची रेघ नाही. कुकरवाला क्विंटलमागं भाडं घेतो, गावोगाव फिरतो. मी वही हातात घेऊनच उभी होते, म्हणून सहज विचारलं, दादा, तुमचा धंदा कशात धरता, मशीनच्या भाड्यात का शेतीत?

त्यानं नळी गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे बघितलं. "माझीबी अडीच एकर हळद हाय ताई," तो म्हणाला. "तुमची झाली की ती शिजवायचीय."