चमचाभर तेल

मधुमेही आईला हॉटेलात नेणे आणि लहान मुलाला जत्रेत नेणे सारखेच, असे माझ्या लेकीचे ठाम मत आहे. हात सोडायचा नाही! गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे न्यूयॉर्कला होते. एका रविवारी जावई म्हणाले, "आई, आज अस्टोरियाला जाऊ. ग्रीक जेवण, तुमच्या पथ्यात बसणारं." लेकीने लगेच माझी तीन महिन्यांची साखर जाहीर केली, ८.१. मी गप्प बसले.

'मेडिटरेनियन' हा शब्द मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. २०१४ साली ह्यांचे बायपास झाले, तेव्हा घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "तेल कमी, तळलेलं बंद, मेडिटरेनियन पद्धतीचं खा." रत्नागिरीत त्या शब्दाचा अर्थ कोणाला विचारणार? 'तेल कमी' तेवढे समजले, ते मी घट्ट धरले. चहाच्या चमच्याने तेल मोजू लागले. सुरमई तव्यावरून उतरली आणि पातेल्यात उकडू लागली. ह्यांचे बाहेर जेवणे तर बंदच. लग्नकार्यातसुद्धा माझा डबा बरोबर.

असो. अस्टोरिया हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला जुना ग्रीक मोहल्ला. आगगाडी तिथे रस्त्यावरच्या पुलावरून धडधडत जाते. हॉटेल साधेच, कागदी टेबलक्लॉथ घातलेले. आत शिरताच बर्फावर मासे मांडलेले! तुम्ही मासा निवडायचा, ते वजन करून निखाऱ्यावर भाजून देतात. मी पुढे होऊन कल्ले उघडून पाहिले. काउंटरमागचा म्हातारा हसला. आम्हा दोघांची भाषा वेगळी, पण लाल कल्ल्यांचे त्यालाही कौतुक आणि मलाही.

मग मेनू आला आणि माझी शिक्षकी जागी झाली. 'ग्रीक म्हणजे पौष्टिक' ही समजूत पहिल्याच पानावर मोडते. तळलेले स्क्विड, तळलेले चीज, अमर्याद पाव. शेजारच्या टेबलावर चीजला काडी लावून 'ओपा!' अशी आरोळी झाली. ही आग लावण्याची तऱ्हा ग्रीसमधली नाही बरे का, ती शिकागोच्या ग्रीक हॉटेलांत १९६० च्या दशकात सुरू झाली. मुसाका मागवावा असे वाटत होते, वांग्याचा पदार्थ म्हणून. जावयांनी फोनवर वाचून सांगितले की त्यावरचा दूध-लोणी-मैद्याचा जाड थर त्सेलेमेन्देस नावाच्या आचाऱ्याने फ्रेंच पद्धतीवरून आणला. राहिला मुसाका.

ज्या आहाराचे एवढे नाव झाले तो हॉटेलातला नव्हताच मुळी. अँसेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५८ पासून सात देशांतल्या पुरुषांचा अभ्यास केला, त्यात क्रीट बेटावरच्या शेतकऱ्यांना हृदयविकार फार कमी आढळला. ते लोक रानातला पाला, कडधान्ये, पाव आणि फळे खात. मांस क्वचित. चर्चचे उपासही भरपूर, धार्मिक माणसाचे जवळजवळ निम्मे वर्ष उपासाचे. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. आपल्यासारखी साबुदाण्याची खिचडी नाही! म्हणून मेनूच्या कोपऱ्यात डाळी आणि पाल्याचे पदार्थ असतात, तिकडे बघायचे. आम्ही होर्ता घेतली, म्हणजे उकडलेली पालेभाजी, लिंबू पिळून. यीगांडेस घेतले, आपल्या डबल बीपेक्षाही मोठे दाणे टोमॅटोत शिजवलेले. सॅलडमधले ऑलिव्ह आणि फेटा चीज दोन्ही खारवलेले, लोणच्याच्याच जातीचे, म्हणून रक्तदाबासाठी मी थोडेच घेतले. पाव अर्धा. टोपली जावयांकडे सरकवून दिली, समोर असली की हात जातोच.

शेवटी फावा आला. पिवळ्या डाळीचा घट्ट घोटलेला लगदा, वर कच्चा कांदा. एक घास घेतला आणि थांबले. अहो, वरणच ते! हिंग-हळद नाही एवढेच. आणि त्यावर तेलाचे तळे. हिरवट, किंचित कडसर, घशाला चुरचुरणारे ऑलिव्ह तेल.

जावई म्हणाले, "क्रीटमधले ते शेतकरी भरपूर तेल खायचे. चाळीस टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून, आणि त्यातला मोठा भाग ह्याच तेलाचा."

मी चमचा खाली ठेवला.

बायपासनंतर वर्षभराने एकदा ह्यांनी वरणभात कालवता कालवता विचारले होते, "थेंबभर तूप घालतेस का आज?" मी कपाटातून रिपोर्ट आणून कोलेस्टेरॉलचा आकडा वाचून दाखवला. वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलाला वाचून दाखवावा तसा. त्यानंतर त्यांनी कधी मागितले नाही. २०२० मध्ये ते गेले. सहा वर्षे पानातले सगळे मुकाट्याने संपवत होते.

तूप म्हणजे ऑलिव्ह तेल नव्हे, हे मला कळते. क्रीटचा शेतकरी दिवसभर डोंगरावर राबत असे आणि हे गच्चीत चार फेऱ्या मारत, हेही कळते. तेलाने ते आणखी जगले असते असे मी म्हणत नाही. पण डॉक्टरांच्या त्या वाक्यातला शेवटचा शब्द मी समजून घेतला असता, तर त्या सुरमईवर निदान लिंबू आणि चमचाभर चांगले तेल पडले असते. समोरच्या ताटातल्या माशावर तेच होते. लिंबू, तेल, थोडा ओरेगॅनो. आणि ह्यांना मासा किती आवडायचा!

"आई, तेल पुरे हं," लेक म्हणाली. आवाज माझाच होता. मी तिला काही बोलले नाही. ती काळजीने बोलते, मीही काळजीनेच बोलत असे.

गोड घेतले नाही. दोन तासांनी घरी बोट टोचले, १४६. लेकीने वहीत लिहून ठेवले, खूश झाली.

उरलेला फावा डब्यातून आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत मी तो गरम केला, कांदा चिरला आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. वरून तेल घातले, मोजले नाही.