पांढरा गाऊन, लाल लुगडं आणि दिवा-वसई गाडी

"गाऊन? लग्नात गाऊन घालणार ती?" आई जवळजवळ किंचाळलीच.

चूक तिची नव्हती. आमच्या डोंबिवलीत गाऊन म्हणजे काय, तर सकाळी दूधवाला आला की ज्यावर ओढणी घेऊन दार उघडायचं, तो! फुलाफुलांचा, खिशात कपड्यांचे चिमटे असलेला. त्या गाऊनमध्ये आपली सून चर्चमध्ये उभी आहे, हे चित्र आईला झेपेना. मग मी मोबाइलवर फोटो दाखवले. गाऊनचा प्रश्न मिटला आणि खरा प्रश्न सुरू झाला. "पांढरा? लग्नात पांढरं? अरे, आपल्याकडे पांढरं कधी नेसतात माहितीय ना?"

आम्ही दोघं अंधेरीच्या एकाच ऑफिसात. ती वसईची, ख्रिस्ती. मी डोंबिवलीचा, आजोळ वाईचं. कॅन्टीनमधल्या टिपिकल प्रेमकहाणीत फारसं सांगण्यासारखं नाही. दोन वर्षं ती मला विरार फास्टच्या कथा सांगायची, मी तिला कर्जत लोकलच्या. कोण जास्त चेंगरतं, यावर आमची पहिली भांडणं झाली.

वसईला पहिल्यांदा गेलो ते दिवा-वसई गाडीने. डोंबिवलीकरांनी हा प्रवास एकदा तरी करावा. दादरला उतरून जिने चढा-उतरायला नकोत. दिव्याहून सुटली की कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण, जुचंद्र करत गाडी निवांत जाते. खाडी, भातखाचरं, मध्येच गोडाऊनं, मग डोंगर. आपण मुंबईच्या पोटात आहोत यावर विश्वास बसत नाही. फक्त वेळापत्रक पाठ हवं. गाड्या मोजक्या आहेत, एक चुकली की बसा वडापाव खात!

वसई रोड स्टेशनला उतरल्यावर मात्र निराशा होते. त्याच इमारती, तेच मोबाइलचे गाळे. रिक्षाने पश्चिमेला आत शिरलात की चित्र बदलतं. केळीच्या बागा, पानवेली, फुलांच्या वाड्या, वळणावर एखादा क्रूस आणि त्याला झेंडूची माळ. चर्चच्या फलकावर स्वच्छ मराठी. इथे पवित्र मिस्सा मराठीत होते. याच वसईतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. मी डोंबिवलीचा, म्हणजे मराठीचा मक्ता आमच्याकडेच, अशी आपली समजूत. तिच्या पप्पांचं मराठी ऐकून ती पहिल्याच दिवशी उतरली.

तिची आजी ओटीवर बसली होती. अंगावर लाल लुगडं, कासोटा घातलेलं. वसईच्या कुपारी ख्रिस्ती बायकांचा हा जुना पोशाख, आता बहुतेक आज्यांच्याच अंगावर दिसतो. मी विचारलं, "आजी, तुमच्या लग्नात गाऊन होता?" आजी हसली. "कसला गाऊन! लालच होतं."

म्हणजे गाऊन मधल्या पिढीत आला. तिच्या मम्मीने घातला आणि तिने लहानपणापासून मम्मीचा फोटो बघितला. पांढऱ्या गाऊनची फॅशन युरोपातसुद्धा तशी अलीकडचीच. १८४० साली राणी व्हिक्टोरियाने आल्बर्टशी लग्न करताना पांढरा घातला आणि पुढे हळूहळू तो सगळ्यांचा झाला. तोवर तिथल्या नवऱ्याही रंगीत कपड्यांत उभ्या राहत. पोर्तुगीज वसईत आले १५३४ साली आणि गेले १७३९ मध्ये. म्हणजे आपण ज्याला पोर्तुगिजांचा वारसा समजतो तो गाऊन ते गेल्यानंतर शंभर वर्षांनी रुळू लागलेला! मला वाटलं, सापडला मुद्दा. मी तिला म्हटलं, "बघ, तुमची खरी परंपरा तर लाल आहे. आईपण खूश."

ती इतकी शांत झाली की मला भीती वाटली. म्हणाली, "तुझ्या आईला खूश करायला तू माझ्या आजीचं लुगडं वापरू नकोस. तू धर्म बदलावास असं कुणी म्हणालं का? मीही काही बदलणार नाहीये. पैठणी नेसेन, पूजेला बसेन. पण चर्चमध्ये पांढराच."

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी कामणपर्यंत एक शब्द बोललो नाही.

चर्चची प्रक्रिया सोपी नसते. धर्म न बदलता लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते. लग्नाआधीचा कोर्स करावा लागतो. (मी केला. पैसे कोण सांभाळणार, रागावल्यावर काय करायचं, सगळं विचारतात. आपल्याकडेही सुरू करायला हवा.) तारखेचा घोळ वेगळाच. वसईत नाताळनंतर लग्नांची गर्दी असते, तर आई म्हणे पौषात नको. पौष संपतो तोवर इकडे उपवासकाळ तोंडावर, त्यात शक्यतो लग्नं लावत नाहीत. शेवटी आईनेच कालनिर्णय उलटसुलट करून तारीख काढली. १० फेब्रुवारी २०१९, रविवार, वसंत पंचमी. फादरनाही चालली.

पण चर्चमध्ये येण्याबद्दल आई काही बोलेना. "बघू," एवढंच.

जानेवारीत तिच्या पप्पांनी आईला आग्रहाने वसई दाखवायला बोलावलं. निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीचं दर्शन झालं. कार्तिकातल्या तिथल्या जत्रेचं तिने ऐकलं होतं. समाधीपासून चर्च लांब नाही, तेही बाहेरून बघितलं. केळ्यांची सुकेळी खाल्ली, दोन पुड्या पर्समध्ये गेल्या. मग किल्ला. वडाची मुळं भिंतींतून उतरलेली, छप्पर नसलेली चर्चं, आत नुसतं आकाश. आईला शाळेतला इतिहास आठवला. "चिमाजी अप्पा!" पप्पा मिश्कीलपणे म्हणाले, "हो, आणि आमच्या घंटा घेऊन गेले. देवळांत वाजतात अजून."

आई थबकली. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. आईने लहानपणी ती घंटा शेकडो वेळा बघितली होती. "ती इथली?" तिने विचारलं. "इथलीच," पप्पा म्हणाले. मग दोघंही काही बोलले नाहीत. त्यानंतर आईने पांढऱ्याचा विषय काढला नाही. पण "येते" असंही म्हणाली नाही.

गाऊन वांद्र्याच्या एका दुकानात शिवायला दिला होता. साटिन, वर लेस, खाली नेटचे थर, त्याखाली कॅनकॅन, मागे जमिनीवर लोळणारी ट्रेल. खांदे झाकलेले हवेत म्हणून लेसच्या बाह्या. मी शुभ्र समजत होतो, तो निघाला आयव्हरी. म्हणजे आपला मोतिया! तीन ट्रायल झाल्या. आणि लग्नाला चार दिवस उरले असताना डिलिव्हरी मिळाली ती काखेत तंग, पुढून चार बोटं लांब आणि चेन अर्ध्यात अडकलेली. दुकानदार म्हणाला, आठ दिवस लागतील.

ती रडत डोंबिवलीला आली. तिच्या घरून वांद्रे जवळ, तरी आमच्याकडे आली. कारण सांगतो. माझ्या आईने पंचवीस वर्षं फॉल-पिको आणि शिवणकाम करून आमची फी भरलीय.

आईने गाऊन उलटा करून बेडवर पसरला. पाच मिनिटं नुसती बघत होती. "हे शिवण? आत मार्जिनसुद्धा नाही सोडलं मेल्यांनी. एवढे पैसे घेतात?" पांढऱ्या रंगाबद्दल जितका राग आला नव्हता तितका त्या शिलाईबद्दल आला. "उभी राहा गं सरळ. श्वास सोड. चप्पल कुठली घालणारेस? ती घाल आधी, उंची त्याप्रमाणे धरायची असते."

"काकू, जमेल?"

"गप्प राहा, टाचणी तोंडात आहे."

तीन रात्री आमच्या हॉलमध्ये मशीन चालू होतं. नेटचे थर एकेक उचलून कापले, काखेत कळी घातली, चेन बदलली. लेसची कड हातानेच, कारण मशीनखाली लेस ओढली जाते. मला चहा करण्यापुरतं खोलीत येऊ दिलं. नवऱ्याने आधी गाऊन बघायचा नसतो, हे आईला कुणी सांगितलं कोण जाणे!

रविवारी चर्चमध्ये आई पहिल्या बाकावर होती, हिरव्या पैठणीत. शेजारी आजी लाल लुगड्यात. ब्रास बँड वाजला, पप्पांचा हात धरून ती आत आली. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आईची नजर गाऊनच्या घेरावर. घेर जमिनीला जेमतेम टेकत होता, कुठेही झोळ नव्हता. संध्याकाळी रिसेप्शनला तिच्या मावश्यांनी "कुठल्या बुटिकचा?" म्हणून विचारलं, तेव्हा आईने आधी आढेवेढे घेतले आणि मग तासभर समजावून सांगितलं.

पुढे गाऊन ड्रायक्लीनला दिला. दुकानातल्या माणसाने कमरेच्या पट्टीची आतली बाजू उलटून दाखवली. तिथे वीतभर लाल दोऱ्याची बारीक तुरपाई होती. बाकी सगळी मोतिया रंगाची. "मॅडम, चुकून वेगळा धागा लागलाय. उसवून देऊ का?"

आम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हतं. आईने सांगितलं नव्हतं, आम्ही अजून विचारलेलं नाही.

"नको," ती म्हणाली. "रंग जाणार नाही ना, तेवढं बघा."