खिशातला फ्यूज

माझ्या टेबलाच्या खणात चिनीमातीचा एक जुना फ्यूज पडून आहे. घरी येणारी मुले तो हातात घेऊन विचारतात, "हे काय?" मी सांगतो, "आमच्या नानांची आठवण."

नाना डिलाईल रोडवरच्या एका गिरणीत वायरमन होते. या रस्त्याला कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे नाव देऊन कैक वर्षे झाली. पण आम्हा चाळकऱ्यांच्या तोंडी डिलाईल रोडच बसला आहे. १९१५ साली खोपोलीहून टाटांची वीज मुंबईत आली आणि वाफेच्या इंजिनावर चालणारी गिरण्यांतली यंत्रे हळूहळू मोटरवर फिरू लागली. नानांच्या वेळेपर्यंत वीज सवयीची झाली होती. आणि सवयीच्या वस्तूची भीती उरत नाही.

मोटर दुरुस्तीला घेतली की नाना मेन स्विच पाडत, तिन्ही फ्यूज उपसून काढत आणि आपल्या खाकी विजारीच्या खिशात टाकत. खिसा लोंबे, लोक हसत. पण नानांच्या उमेदवारीत एका सोबत्याने स्विचवर नुसती पाटी अडकवली होती. पाळी बदलली, साचे का थांबले म्हणून कुणीतरी घाईने स्विच वर केला. सोबत्याचा उजवा हात कायमचा गेला. "पाटी वाचणारा भेटलाच पाहिजे ना!" नाना म्हणत. "खिशाचे तसे नाही."

एका धनत्रयोदशीला मात्र गंमत झाली. आईने धुवायला विजार उचलली, तो तीन फ्यूज खणखणत लादीवर! मोटर दुरुस्त करून नाना तसेच घरी आले होते. सदरा चढवीत ते गिरणीकडे धावले. जॉबरची बोलणी खाऊन परतले, ते हसतच. "साचे तासभर थांबले, एवढेच ना? कुणाच्या घरचा दिवा तर विझला नाही." एका फ्यूजचा टवका उडाला होता. तोच हा.

१९८२ च्या संपात भोंगा थांबला. मी पुढे नानांच्याच वाटेने गेलो; मोटरचा वेग हवा तसा कमीजास्त करणारे ड्राइव्ह बसवू लागलो. एकदा भिवंडीच्या कारखान्यात फ्यूज काढून खिशात घातले, ड्राइव्हची बत्ती विझली, आणि मी आत हात घालणार तोच झाकणावरची सूचना दिसली. मीटर लावला. आत अजून कित्येक शे व्होल्ट होते! ४१५ व्होल्टची वीज ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये ५८० च्या घरात साठते, आणि पुरवठा तोडल्यावरही काही मिनिटे दबा धरून बसते. तेव्हापासून झाकणावर लिहिली असतील तेवढी मिनिटे मी थांबतो. मीटर आधी चालू विजेवर पाहतो, मग ड्राइव्हच्या आत, मग पुन्हा चालू विजेवर. कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

घरी येऊन नानांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे माझा खिसा आता पुरत नाही?"

"पुरतो, नाना. पण वर थोडे थांबावे लागते."

"थांबणे आम्हा गिरणीवाल्यांना कधी परवडले नाही रे," ते म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसले.

नाना आता नाहीत. दिवाळीत मुलगा आकाशकंदील लावायला स्टुलावर चढतो आणि ओरडतो, "बाबा, बटण बंद आहे हं!" मी उठतो, मेन पाडतो. नव्या घरात फ्यूज नाहीत. खिशात घालायला काहीच नाही. म्हणून तो खाली उतरेपर्यंत मी स्वतःच मेनपाशी उभा राहतो.