भिंतीलाही वाफसा लागतो



धरणांचा विसर्ग वाढल्याचे मेसेज फिरायला लागले की कृष्णाकाठच्या माणसाला उसाच्या आधी घर आठवतं. म्हणून आज पिकावर नाही, घरावर लिहितोय. पुराचं पाणी घरातून उतरल्यावर कुणाला आधी बोलवायचं, कुणाला नंतर आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं, एवढाच विषय.

ऑगस्ट 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे. आमचं गाव पलूस तालुक्यात, नदीकाठालाच. घरात पाच दिवस छातीएवढं पाणी उभं होतं. पुढच्या दोन खोल्या विटा-सिमेंटच्या, मागचं माजघर दगड-मातीचं, आजोबांच्या हातचं.

पाणी उतरल्यावर पहिलं काम फोटोचं. गाळ काढायच्या आधी प्रत्येक भिंतीवरची पाण्याची रेघ फोटोत घेतली, मग पंचनामा झाला, आणि मगच फावड्याला हात लावला. घर धुऊन स्वच्छ केल्यावर नुकसान दाखवायला काही उरत नाही.

पहिला माणूस बोलावला तो वायरमन. विहिरीवरची मोटर बुडाली तर आपण ती न तपासता चालू करतो का? उघडतो, वाळवतो, गरज पडली तर रिवाइंडिंग करतो. घराच्या वायरिंगला मात्र लोक दोन दिवस ऊन दाखवतात आणि मेन स्विच दाबतात. भिंतीतल्या पाइपात पाणी आणि गाळ अडकून बसतो, तो बाहेरून दिसत नाही. आमच्या वायरमननं कटआउट काढून ठेवले आणि 500 व्होल्टचा मेगर लावून एकेक लाइन तपासली. रीडिंग निदान एक मेगाओम तरी पाहिजे. आमच्या पाचपैकी दोन लाइनी त्यात बसल्या नाहीत. त्या पूर्ण बदलल्या, अर्थिंग नवीन केलं आणि सगळे बोर्ड पुराच्या रेघेच्या वर घेतले. वायरमनला मी एवढंच विचारतो, "मेगर आहे का?" नुसता टेस्टर खिशात घालून आलेला माणूस या कामाचा नाही.

दुसरा माणूस न बोलावताच आला. पूर ओसरला की असे ठेकेदार गावोगाव फिरतात. रंगाचं कॅटलॉग उघडलं आणि म्हणाला, "आठ दिवसांत गिलावा, पट्टी, वॉटरप्रूफ रंग. 1 लाख 40 हजार. निम्मे आधी द्या." 2 सप्टेंबरला गणपती होते. तात्या तयारच झाले. "आरं, गणपती काय गोठ्यात बसवायचा व्हय?"

मी ठेकेदाराला विचारलं, भिंतीत ओल किती आहे ते बघितलंय का? तो म्हणाला, "त्याची गरज नाही. वरून केमिकल मारलं की ओल बाहेर येत नाही."

बाहेर येत नाही म्हणजे आतच राहते. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. क्षारपड रानात काय होतं? खालचं पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ वर पांढरं फुटतं. भिंतीला लोणा लागतो तो असाच. वर सिमेंट किंवा ऑइलपेंट थापलं तर पाणी कोंडतं, मीठ गिलाव्याच्या मागं साठतं आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. चोपण रानावर मुरूम टाकून ते सुधारत नाही, निचराच काढावा लागतो.

तिसरा माणूस मी शोधून आणला. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता. फी 2 हजार. घरात तात्या म्हणाले, "नुसतं बघायचं दोन हजार?" साहेबांनी आल्या आल्या ओळंबा सोडला. माजघराच्या मागच्या भिंतीला पोट आलेलं होतं आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेली होती. आपली काळी माती पाण्यानं फुगते, वाळताना आखडते, तसा पाया हलतो. साहेबांनी भेगेवर प्लास्टरची पट्टी आडवी चिकटवली, तिच्यावर तारीख लिहिली आणि म्हणाले, "माजघरात कुणी झोपू नका. दहा दिवसांनी बघू."

दहा दिवसांनी पट्टी मधोमध तडकलेली. भिंत अजून चालत होती.

त्या माजघरात माझा जन्म झाला. आई गेली तीही त्याच खोलीत. तात्या भिंतीपाशी गेले, तळातली माती बोटानं उकरली आणि मुठीत दाबली. रानात पेरणीआधी बघतात तशीच. गोळा झाला, फुटला नाही. "वाफसा न्हाई अजून," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पाडा." त्या वर्षी गणपती भाऊबंदांच्या माडीवर बसले.

भिंत पाडायलाही जाणता गवंडी घेतला. आधी पत्रा उतरवला, शेजारच्या भिंतीला टेकू दिला, मग वरून खाली एकेक थर काढला. जेसीबीनं तासात झालं असतं, पण पुढच्या दोन खोल्यांना हादरा बसला असता. दगड सगळा परत वापरता आला, हाही फायदा.

राहिलेल्या वीट-भिंतींचं साहेबांनी ढोबळ गणित सांगितलं होतं: एक इंच भिंत वाळायला साधारण एक महिना. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर चार-पाच महिने. म्हणून फुगलेला गिलावा पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकला, कारण ओल वातीसारखी वर चढते. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून घराबाहेर टाकला. पाण्यानं धुतला तर मीठ विरघळून परत भिंतीत जातं. पावसाळी हवेत नुसत्या खिडक्या उघडून फार फरक पडला नाही. खरी ओल ऑक्टोबरच्या उन्हानं काढली.

ओल बघायची साधी रीत आहे. दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर थांबायचं. आमचा कागद जानेवारीत कोरडा निघाला. मग गिलावा केला, रंग फेब्रुवारीत.

पैसे टप्प्यानं दिले: सामान आल्यावर, काम निम्मं झाल्यावर आणि तपासून झाल्यावर. वहीच्या पानावर दोघांच्या सह्या. ओळखीचा माणूस असला तरी लिहून घ्यायचं, त्यानं ओळख टिकते.

जुलै 2021 ला पाणी पुन्हा घरात आलं. गाळ आला, गिलावा थोडा फुगला, पण बोर्ड कोरडे राहिले आणि एकाही भिंतीला नवी भेग पडली नाही. गल्लीतल्या ज्या घरांनी 2019 ला आठ दिवसांत रंग मारला होता, त्यांचा रंग त्या पुराच्या आधीच सुटला होता.

घरं वाळेपर्यंत त्रास झाला, नाही असं नाही. चार-पाच महिने उघड्या विटांत राहिलो, पाहुण्यांनी नाकं मुरडली. पण ओल्या रानात कुळव घातला की ढेकळं निघतात आणि ती वर्षभर पायाला टोचतात, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे.

नदीकाठी राहणाऱ्यांनी मेगरवाला वायरमन, ओळंबा लावणारा गवंडी आणि जवळपासचा एखादा बांधकाम अभियंता, यांचे नंबर आत्ताच वहीत लिहून ठेवा. पूर उतरल्यावर हे तिघे कुणालाच लवकर मिळत नाहीत. कॅटलॉगवाला मात्र स्वतःहून येतो.