थांबलेला आवाज

‘व्हिडिओ गेमच्या संगीतावर वार्षिकांकात लेख?’ संपादक मंडळातील मित्राने नवलाने विचारले. त्याचे चूक नाही. मलाही हा विषय प्रथम पोरकटच वाटला होता.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वसतिगृहातील वीज गेली. खोलीतला मित्र फोनवर काहीतरी ऐकत पडला होता. त्याने एक इअरफोन माझ्या कानात घातला. झुळूक यावी तसे सूर आले. एक उदास धून पुन्हा पुन्हा वळून येत होती. संध्याकाळी गावाकडच्या माळावरून एकट्याने चालत असल्यासारखे वाटले. ‘कुठल्या सिनेमातले रे?’ मी विचारले. तो हसला. ते ‘क्रोनो ट्रिगर’ या जपानी खेळातले होते. त्यातला नायक काळाच्या मागेपुढे फिरतो. तो इसवी सन 600 मध्ये जातो, तेव्हा त्या रानावनात ही धून वाजते.

स्क्वेअर कंपनीने हा खेळ 1995 साली सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी काढला. त्यातले बहुतेक संगीत यासुनोरी मित्सुदा या तेवीस वर्षांच्या तरुणाचे. 1992 साली तो कंपनीत लागला, तो खेळांतले आवाज तयार करण्याच्या कामावर. त्याला रचायचे होते संगीत! शेवटी त्याने साकागुची या वरिष्ठांना सांगितले, संगीत करू द्या, नाहीतर मी नोकरी सोडतो. त्यांनी त्याला हाच खेळ दिला. मग तो इतका राबला, की पोटात अल्सर होऊन आजारी पडला. राहिलेल्या काही रचना नोबुओ उएमात्सु या ज्येष्ठ संगीतकाराने केल्या.

परंतु मला खरे नवल वाटले ते त्या यंत्राचे. त्यात आवाजासाठी जागा अवघी 64 किलोबाइट. आज फोनवर काढलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. शिवाय एका वेळी आठच आवाज निघणार. संगीतही त्यातच आणि तलवारीचा खणखणाटही त्यातच. त्यामुळे तलवार वाजायची तर एखाद्या वाद्याला क्षणभर गप्प बसावे लागते. मूळ यंत्रावर खेळतानाचे ध्वनिमुद्रण मित्राने ऐकवले, तेव्हा ही गोष्ट त्यानेच मला सांगितली.

मला एकदम ताई आठवली.

ताई बारावीला पहिल्या वर्गात पास झाली, त्याच साली मी दहावी झालो. दोघांना पुढे शिकवण्याची आप्पांची ऐपत नव्हती. आप्पा काही बोलले नाहीत. ताईच म्हणाली, ‘मला कंटाळा आलाय शिकायचा.’ मी ते खरे मानले. खरे मानणे सोयीचे होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, असे सारे गाव कौतुकाने म्हणते. माझे मेसचे पैसे मात्र ताईच्या शिलाईतून येत होते.

खेळात खणखणाट संपला, की गप्प झालेले वाद्य पुन्हा आपल्या जागी येते. आमच्या घरात ते अजून आलेले नाही.

दिवाळीत घरी गेलो, तेव्हा ताईला त्या खेळातली दुसरी एक रचना ऐकवली. तिच्यात सतारीसारखा नाद आहे. ती झील नावाच्या राज्यात वाजते. काळ इसवी सनापूर्वी 12000 वर्षांचा. जादू येणारे लोक वर ढगांवरच्या महालांत राहतात आणि ज्यांना ती येत नाही, ते खाली बर्फात, गुहांमध्ये. मी हे सारे समजावून सांगत होतो. ताईने मशीन थांबवून शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, ‘खाली राहणाऱ्यांना हे ऐकू येतं का रे?’

मला उत्तर देता आले नाही.

निघताना मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चे माहितीपत्रक तिच्या मशीनच्या खणात ठेवून आलो. इथे आल्यापासून पहाटे वर्तमानपत्रे टाकतो. मेसचे पैसे आता त्यातून भागतात. पहिल्या तासाला कधीकधी उशीर होतो, त्याबद्दल सरांनी क्षमा करावी.

परवा ताईचा फोन आला. माहितीपत्रक वाचलेस का, असे विचारले, तर म्हणाली, ‘बघू.’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘इंग्रजी घ्यावंच लागतं का रे त्यात?’